अंताक्षरी पुढच्या महिन्यात घ्या : आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

अध्यक्षा, सचिव आणि कार्यकारिणीतील सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी जूनच्या कार्यक्रमांची यादी ग्रुपवर आली. 'ब्रेक्झिटची दहा वर्षं : मोकळी चर्चा' हा कार्यक्रम त्यात नाही. ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं, यावर २३ जून २०१६ ला इथे जे सार्वमत झालं, त्यावरची ही चर्चा. जानेवारीच्या बैठकीत तो ठरला होता, इतिवृत्तात नोंद आहे. आता त्याच तारखेला, त्याच वेळेला अंताक्षरी आहे. सचिवांना फोन केला तर म्हणाले, "अहो, जुनी भांडणं कशाला उकरायची? राजकारण नको, असं वरून ठरलंय." आपल्या मंडळात 'वर' नेमकं कोण बसतं ते मला दहा वर्षांत कळलेलं नाही, पण ते असो.

अंताक्षरीशी माझं वैर नाही. भांडण जुनं झालंय, हे मात्र मला मान्य नाही. २०१६ च्या गणपतीत आरती झाल्यावर याच सार्वमतावरून पार्किंगमध्ये काय झालं ते तुमच्यातल्या पाच-सहा जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. एकमेकींच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पोचवणारी दोन घरं तेव्हापासून प्रसादाच्या रांगेतही मध्ये चार माणसं सोडून उभी राहतात. त्यांची मुलं एकाच वर्गात आहेत, ती मजेत असतात. ग्रुपवरून त्या रात्री सात जण बाहेर पडले, त्यातले तिघेच परत आले. आणि जे गप्प बसले त्यांच्यात मी होतो.

गप्प होतो, कारण मी लीव्हला, म्हणजे बाहेर पडण्याला, मत दिलं होतं. आज ते सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना हा कुठल्या बाजूचा, हे शोधत बसायला नको.

जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने मला इकडे, ब्रिटनमध्ये, पाठवलं. अंगावरची थंडी जाते न जाते तोच घरी कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, मतदार नोंदणीचा फॉर्म आला. ऑफिसातला एक जुना मराठी सहकारी म्हणाला, "भर तो. आपल्याला मत असतं." मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच होतं. इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या कुणालाही, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, नायजेरियन, ऑस्ट्रेलियन माणसाला त्या सार्वमतात मत होतं. युरोपातून आलेल्यांना नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस हे तेवढे अपवाद. माझ्या शेजारची पोलिश बाई दहा वर्षं या गावात होती, वृद्धाश्रमात रात्रपाळी करत होती, कौन्सिलच्या निवडणुकीत मत देत होती. तिला या प्रश्नावर मत नाही. मी पाच महिन्यांचा पाहुणा, कचऱ्याचा बिन कुठे ठेवायचा ते अजून तिलाच विचारत होतो. मला मत.

२३ जूनला पाऊस होता, लंडनकडे तर रस्त्यांवर पाणी तुंबलं होतं. मतदान चर्चच्या हॉलमध्ये, आपण कोजागिरी करतो त्याच हॉलमध्ये. टेबलामागे दोन बायका, समोर छापील यादी, पट्टी लावून त्या नावावर रेघ मारत होत्या. ओळखपत्र मागितलं नाही. ते सक्तीचं झालं २०२३ पासून. मी सवयीने डावा हात पुढे केला, शाईसाठी. बाई बघतच राहिल्या. आत प्लायवूडचा आडोसा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. 'पेन्सिलीची फुली खोडतील, घरून पेन न्या' अशी अफवा होती आणि शेजारच्या खणातले आजोबा खरोखर खिशातून पेन काढत होते. मी पेन्सिलीनेच फुली मारली. तीस-चाळीस सेकंदही लागले नसतील.

का मारली? आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ज्या कारणाने मारली त्याच. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा २०१२ साली बंद केला होता. इथे कायम झालेल्याला बायकोला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड पगार हवा होता. आणि त्याच वर्षी, एप्रिल २०१६ पासून, आपल्यासारख्या वर्क व्हिसावाल्याला कायम राहायचं तर पगार ३५,००० पौंड हवा, असा नियम लागू झाला. युरोपातला माणूस मात्र विमानातून उतरला की कामाला लागायचा. ऑफिसच्या कँटीनमध्ये हा हिशोब रोज निघायचा. त्यात तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की युरोपचं दार सताड उघडं असल्यामुळे आपल्याकडच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळत नाही, बाहेर पडलो तर करी हाउसं, म्हणजे आपल्याकडच्या जेवणाची हॉटेलं, वाचतील. मला वाटलं, बरोबर आहे, रांग एकच असावी.

दुसऱ्या बाजूला त्याच जूनमध्ये युरोपविरोधी युकिप पक्षाचे नेते नायजेल फराज यांनी ते 'ब्रेकिंग पॉइंट'चं पोस्टर लावलं. निर्वासितांची लांबच लांब रांग. त्या रांगेतले चेहरे पोलिश नव्हते, आपल्या रंगाचे होते. फराज यांची मोहीम वेगळी आणि अधिकृत लीव्हची वेगळी, हे मला माहीत आहे. पण मतपत्रिकेवर खाना एकच होता. पोस्टर लागलं त्याच दिवशी, १६ जूनला, संघात राहण्याच्या बाजूच्या खासदार जो कॉक्स यांचा भररस्त्यात खून झाला. मी बातमी ऐकली, हळहळलो, आणि आठवड्याने जाऊन ठरल्याप्रमाणे फुली मारून आलो. एकाच खान्यात आम्ही 'आमची माणसं जास्त येऊ द्या' म्हणून मत टाकत होतो आणि आमच्या मागे उभे असलेले 'कुणीच नको' म्हणून. दोघांनाही 'तुमचंच होईल' असं सांगितलेलं होतं. हे तेव्हा दिसत होतं. मी बघितलं नाही.

आता घरची गोष्ट. माझं आजोळ पेडण्याचं. आजोबांचं बाजारात छोटं दुकान होतं आणि ते कट्टर मगोवाले, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करू म्हणणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जो जनमत कौल झाला, त्यात महाराष्ट्रात विलीन होण्याची निशाणी फूल होती आणि संघप्रदेश राहण्याची दोन पानं. आजोबांनी दुकानाच्या भिंतीवर फूल रंगवलं होतं. फूल हरलं. संघप्रदेशाला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०, फरक ३४,०२१. आई सांगते, निकालानंतर आजोबांनी स्वतः चुन्याने ते फूल पुसलं. आणि दोन महिन्यांत त्याच भिंतीवर मगोचा सिंह रंगवला, कारण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक लागली होती. कौल हरलेला पक्ष ती निवडणूक जिंकला आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या आजोबांच्या नातवाने, माझ्या मामेभावाने, लिस्बनला कागद पाठवून पोर्तुगीज पासपोर्ट काढला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तो मिळू शकतो, हे तुम्हाला माहीत आहेच. २०१४ मध्ये तो इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात आला, गोदामात कामाला लागला. स्विंडनमध्ये आपल्या गोंयकारांची केवढी वस्ती आहे! मला मामी कितीदा म्हणाली, तूही काढ, तुझी आई इथलीच. मी नाक वर करून म्हणायचो, आजोबा काय म्हणतील. मतदानाच्या रात्री मामेभावाचा फोन आला. मी सांगितलं, जाऊन आलो. तो हसला. "तुका मत आसा आनी म्हाका ना?" त्याने भारतीय पासपोर्ट ठेवला असता तर त्यालाही मत असतं. युरोपीय झाला म्हणून युरोपच्या प्रश्नावर मुका झाला. कोणाला मत दिलंस, हे त्याने विचारलं नाही. सकाळी कळलं, स्विंडनने जवळपास ५५ टक्के लीव्ह दिलंय.

त्याच्या धाकट्या भावाचा पासपोर्ट फेब्रुवारी २०२१ मध्ये हातात आला. ३१ डिसेंबर २०२० ला युरोपीय पासपोर्टवाल्यांची ब्रिटनमधली मोकळी ये-जा संपली होती. दीड महिन्याचा फरक. मामीने मला व्हिडिओ कॉल केला, पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, "तुमच्या तिथे असं काय झालं रे?" मी म्हटलं, "लोकांनी मत दिलं, मामी." 'लोकांनी' म्हणालो.

थोडं मागे जातो. एप्रिल २०१९. शेजारची पोलिश बाई संध्याकाळी दारात. सेटल्ड स्टेटससाठी, म्हणजे युरोपीय लोकांना ब्रेक्झिटनंतरही इथे राहण्याच्या हक्कासाठी, जे अॅप काढलं होतं ते तेव्हा आयफोनवर चालतच नव्हतं, आणि तिच्याकडे आयफोन. माझ्याकडे अँड्रॉइड, तोही तडा गेलेला. आमच्या डायनिंग टेबलावर, वाटाण्याची उसळ बाजूला सारून, आम्ही तिचा पासपोर्ट फोनवर ठेवत बसलो. चिप लागेना. कव्हर काढलं, पासपोर्ट उलटा केला, फोन सरकवत गेलो. आठव्या-नवव्या खेपेला लागला. मग पडद्यावरच्या गोलात चेहरा धरायचा. रात्रपाळीला निघालेली बाई, केस घट्ट बांधलेले, तोंड मिटून त्या गोलात बघत होती. फोन मी धरला होता. तेरा वर्षं इथे राहिल्याचा पुरावा तिने माझ्या फोनवरून पाठवला. दुसऱ्या दिवशी खसखशीचा केक आणून दिला. माझ्या बायकोने कृती विचारून घेतली.

या दोन माणसांना मी काय सांगायला हवं होतं, ते अजून सांगितलेलं नाही.

आता रिमेनवाल्यांकडे, म्हणजे संघात राहायचं म्हणणाऱ्यांकडे, वळतो, कारण आपल्या मंडळात तेही आहेत आणि कार्यकारिणीत तेच जास्त आहेत. ५१.९ विरुद्ध ४८.१. मतांत बोलायचं तर १ कोटी ७४ लाख १० हजार ७४२ विरुद्ध १ कोटी ६१ लाख ४१ हजार २४१. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एकच बोललात : अडाणी लोकांनी मत दिलं. पुन्हा मतदान घ्या. अर्जावर सह्या, लंडनला मोर्चे. एकदा तरी स्विंडनच्या गोदामापाशी उभं राहून कुणाला विचारलंत का, की बाबा, तू का मारलीस फुली? होंडाचा कारखाना बंद होणार असं फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालं, साडेतीन हजार नोकऱ्यांचा प्रश्न होता, तेव्हा ग्रुपवर एकाने लिहिलं, 'भोगा आता.' कंपनीने स्वतः सांगितलं होतं की कारण ब्रेक्झिट नाही. आणि असतं तरी? 'भोगा' हा शब्द आपण शेजाऱ्याच्या पोटाला म्हणतो का?

पण तुमचं एक म्हणणं मला आज शंभर टक्के पटतं, आणि ते मला गोव्याच्या कौलामुळे कळलं. तिकडे दोन्ही निशाण्यांना पत्ता होता. फूल म्हणजे महाराष्ट्र. तो शेजारीच होता, कसा आहे ते दिसत होतं. दोन पानं म्हणजे संघप्रदेश; तो तर चालूच होता. जिंकलेल्याने दुसऱ्या दिवशी काय करायचं याबद्दल शंका नव्हती. शिवाय सरकारचा दबाव नको म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने कौलाआधी, डिसेंबर १९६६ मध्ये, राजीनामा दिला होता. इथे काय झालं? पंतप्रधान कॅमेरन यांच्या सरकारने ९३ लाख पौंड खर्चून घरोघरी रिमेनची पत्रकं पाठवली, तुम्ही ठरवाल ते करू असं त्यात छापलं, आणि निकालाच्या सकाळी कॅमेरन यांनी पायउतार होत असल्याचं सांगून टाकलं. रिमेनच्या खान्याला पत्ता होता. लीव्हच्या खान्यामागे मोकळं मैदान. संघाबाहेर पडूनही नॉर्वेसारखं युरोपच्या एकेरी बाजारपेठेत राहायचं? कस्टम्स युनियन, म्हणजे युरोपशी सामायिक जकात, ठेवायची? आयर्लंडच्या सीमेचं काय? प्रत्येकाने आपापला पत्ता मनात धरून फुली मारली. मी करी हाउसचा धरला होता.

म्हणून पुढची साडेतीन वर्षं तो तमाशा झाला. कॅमेरन यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा युरोपशी केलेला बाहेर पडण्याचा करार संसदेत जानेवारी २०१९ मध्ये २३० मतांनी पडला, मार्चमध्ये १४९ नी, मग ५८ नी. २७ मार्चला खासदारांसमोर आठ वेगवेगळे पर्याय ठेवले; एकालाही बहुमत नाही. पंगतीत आठ भाज्या वाढल्या आणि सगळेच उपाशी उठले. मी तेव्हा रात्री जागून ते मतदान बघायचो, सभापती बर्को यांची 'ऑर्डर' ऐकायचो, आणि गंमत वाटायची. ज्याचं स्टेटस अडकलेलं होतं त्याला गंमत वाटत नव्हती. आणि आणखी एक : आपल्या मंडळाची घटना बदलायची तर हजर सभासदांची दोन तृतीयांश मतं लागतात. वर्गणी पाच पौंडांनी वाढवायला आपण दोन सभा घेतल्या! १९७९ मध्ये वेगळ्या विधिमंडळासाठी झालेल्या स्कॉटलंडच्या सार्वमताला एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांची अट होती. 'हो' म्हणणारे ५१.६ टक्के असूनही ते त्या अटीवर अडकलं. २०१६ ला अशी कुठलीच अट नव्हती.

गोव्याचं मी फार गोड करून सांगतोय असंही नको. तिथली जखमही भरली नव्हती. मराठी-कोकणी भाषेच्या वादात ती पुन्हा फुटली आणि १९८७ पर्यंत वाहत होती. आमच्या आजोळी अजून 'दोन पानांवाले' अशी एका घराची ओळख आहे. पण आजोबा त्या घरी चवथीला जायचे. पार्किंगमध्ये कॉलर धरत नव्हते.

आणि ज्यासाठी मत दिलं ते मिळालं का? मिळालं, काही. रांग एक झाली. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांचा तो व्हिसा परत आला; आज आपल्या कार्यक्रमांना खुर्च्या कमी पडतात त्या या मुलांमुळेच. जुलै २०२५ मध्ये भारताशी व्यापार करार झाला, युरोपात राहून ब्रिटनला तो स्वतंत्रपणे करता आला नसता. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माझ्या मागे उभ्या असलेल्या 'कुणीच नको'वाल्याने जून २०२३ पर्यंतच्या एका वर्षाचा आकडा वाचला : निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या पुढे, आणि त्यात युरोपबाहेरचे, म्हणजे आपणच, मुख्य. आता त्याच्या रागाचं तोंड कुणाकडे वळणार होतं? मी आलो तेव्हा व्हिसावाल्यांकडून घेतला जाणारा आरोग्याचा सरचार्ज वर्षाला २०० पौंड होता, आज १,०३५ आहे. केअर व्हिसावर, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करायला, आलेल्यांना नवरा-बायको-मुलं आणायला मार्च २०२४ पासून बंदी. मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत कायम राहण्यासाठी पाच वर्षांची दहा करायचा प्रस्ताव आला आणि त्याच जुलैत परदेशातून नवीन केअर वर्कर घेणं थांबलं. गेल्या दिवाळीत फराळाच्या टेबलापाशी नाशिकची एक मुलगी बोटांवर वर्षं मोजत होती. चार झाली होती. पुढचं एक की सहा, हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं. मी पाचात सुटलो. ती माझ्याशी फार आदराने बोलत होती, काका काका करत, आणि मला चकली घशाखाली उतरेना.

हे सगळं फक्त माझ्या एका फुलीने झालं असा माझा भ्रम नाही. पण 'हा इंग्रजांचा आपसातला मामला, आपण पाहुणे' असं जे आपण अलीकडे म्हणायला लागलो आहोत, ते खोटं आहे. आपल्याला मत होतं. आपण ते दिलं. ज्यांना नव्हतं ते आपल्या भिंतीपलीकडे राहत होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शनिवार, २७ जूनला चर्चेचा कार्यक्रम परत घ्या. हॉल तोच घ्या, मतदानाचा. कुणी कुणाला मत दिलं हे विचारायचं नाही. ज्याला सांगायचं तो सांगेल. व्हिडिओ काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही. सुरुवात व्हिसावरच्या मुलांनी करावी, मग आपण जुने. आणि पाहुणे म्हणून दोन माणसं बोलवायची माझी इच्छा आहे : माझा मामेभाऊ आणि शेजारची बाई. बाईंसाठी काही भाग इंग्रजीत करावा लागेल, घटनेतलं 'सर्व कार्यक्रम मराठीत' हे कलम मला पाठ आहे, त्याला एका संध्याकाळची सवलत द्या. 'परत युरोपात जायचं का' हा विषय आता पुन्हा कुजबुजला जातो. तोही घ्या, पण जो हो म्हणेल त्याने युरो चलनाचं आणि ये-जेचं काय करणार ते त्याच दमात सांगायचं. मोकळ्या मैदानावर मी परत फुली मारणार नाही.

पार्किंगमधल्या त्या दोन्ही घरांना मी स्वतः जाऊन आमंत्रण देतो. हॉलचं भाडं वर्गणीतून नको असेल तर मी भरतो. चहा आणि बटाटेवडे आमच्याकडून. शेजारीण खसखशीचा केक करते म्हणाली आहे, मात्र कार्यक्रम कशाबद्दल आहे हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते या आठवड्यात सांगतो.

आपला,
दहा वर्षांचा एक वर्गणीदार सभासद